तुम्ही एकदाच विचारलंत

अहो,

तुमची तेरवी होऊन आज अकरा दिवस झाले. पाहुणे गेले, मांडवाचे बांबू गेले, शिरीषही परवा टोरांटोला पोचला. घर आवरून झालं. तुमचे कुर्ते धुऊन, घड्या घालून कपाटात ठेवले, चष्मा पुसून डबीत घातला, औषधाच्या बाटल्या टाकून दिल्या. आता एकच काम राहिलं आहे आणि ते तुमच्याशीच आहे. पन्नास वर्षं तुमच्याशी भांडताना माझं वाक्य अर्ध्यावर राहायचं, कारण तुम्ही पेपर उघडायचात. आता तुमच्याकडे पेपर नाही. ऐका.

याची एक प्रत आपल्या नातवंडांना, इराला आणि निहारला, जाणार आहे. मुलांना मराठी सावकाश वाचता येतं, म्हणून सोपं लिहिते. पण बोलते आहे ते तुमच्याशी.

लिहायला बसवलं ते इराने. परीक्षा होती म्हणून तिला येता आलं नाही. तेरवीच्या दिवशी तिचा निरोप आला. शिरीषने तो सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. ‘आजी, मी ठरवलंय. आजोबांच्या आठवणीसाठी आजपासून मी मासे सोडले. कायमचे. तुझ्यासारखे.’

तुमच्या बहिणीने, कमलताईंनी, डोळ्यांना पदर लावला. “पाह्य, रक्तातच हाय ते,” त्या म्हणाल्या. “आमची वहिनी तं देवमाणूस. लोकं नवरा गेल्यावर सोडतेत, इनं तं लग्न होऊन आली तवाच सोडलं.”

मी पानं वाढत होते. डाव तसाच हातात राहिला. एकोणीस वर्षांची पोर, समुद्राजवळच्या गावात जाऊन शेवंड खाऊन आल्याचे फोटो मला पाठवणारी, आणि माझ्या एका खोट्यापायी जन्मभराचा घास सोडायला निघालेली. बोलायला तोंड उघडलं तर कमलताई म्हणाल्या, “राहू दे वहिनी, तू काही बोलू नको, आमाले सारं समजते.”

कोणालाही काही समजत नव्हतं. समजत होतं ते फक्त तुम्हाला, आणि तुम्ही भिंतीवर हार घालून हसत होतात.

तो फोटो मुद्दाम निवडला का, असं मी शिरीषला विचारलं. तो म्हणाला, “बाबा इतके खूश दुसऱ्या कुठल्याच फोटोत नाहीत, आई.” खरं आहे. गेल्या हिवाळ्यात आपल्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून मुलं आली होती, तेव्हाचा आहे तो. परत जाण्याच्या आदल्या संध्याकाळी मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलातल्या जपानी रेस्टॉरंटमध्ये जेवण ठरलं होतं. जागा इराने शोधली होती. आठच माणसं बसतील एवढी. दोन महिने आधी नाव नोंदवावं लागलं. घरी, आंधळगावात बसून मी त्या जेवणाची तयारी केली, तशी बी.ए.च्या परीक्षेचीही केली नव्हती. इराने नियम लिहून पाठवले होते, ते मी वहीत उतरवून घेतले. समोर ठेवलेला घास लगेच खायचा. भातावर सोया सॉस ओतायचा नाही. काड्या वाटीत उभ्या खोचायच्या नाहीत. बांबूच्या दोन काड्या तासून घेतल्या आणि रोज दुपारी भिजवलेले हरभरे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकायचा सराव केला.

तुम्ही आपल्या कापडाच्या दुकानातून जेवायला यायचात आणि दारातच उभे राहायचात. “काहून व, काड्यायनं चणे वेचून राहिली? हात मोडले का?”

मी हसायचे. तुम्हाला सांगितलं नाही की काड्यांबरोबर मी एका वाक्याचाही सराव करते आहे. इंग्रजी वाक्य. ‘आय ईट एव्हरीथिंग.’ एकतीस वर्षं मोहाडीच्या शाळेत मी मुलांना इंग्रजी शिकवलं, हे तीन शब्द काही अवघड नव्हते. पण मराठीत मला ते म्हणता येत नव्हतं. मराठीत पहिल्या विचारण्याला ‘हो’ म्हणायला माझी जीभच वळत नाही. इंग्रजीत कोणी विचारलं तर हो म्हणजे हो, नाही म्हणजे नाही, आणि पुढचा घास. मला वाटलं, पन्नास वर्षांपूर्वीची गाठ इंग्रजीत सुटेल.

मुलांनो, गाठ अशी पडली. माझं माहेर करडीचं, घर तलावाच्या पाळीला लागून. आमच्याकडे मासोळी नाही असा आठवडा नसे, आणि झिंग्यांच्या दिवसांत तर दोन्ही वेळा झिंगे. सासरीही सगळे खाणारे. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी पहिल्यांदा मासोळी झाली. मी पानावर बसले होते, आणि थट्टा म्हणून वाढायचं काम तुमच्या आजोबांकडे दिलं होतं. रश्श्याचं भांडं घेऊन ते माझ्यासमोर वाकले. सगळं घर बघत होतं. “मासोळी चालते काय तुले?”

मी म्हटलं, “नको.”

आता हे कॅनडातल्या मुलांना कसं सांगू? ‘नको’ म्हणजे नको नव्हतं. आमच्यात नवी नवरी पहिल्यांदा नको म्हणते, दुसऱ्यांदा मान खाली घालते, तिसऱ्यांदा पान पुढे सरकवते. वाढणाऱ्याने आग्रह करायचा असतो. माझी आई शेजारी जेवायला गेली तरी तीन विचारण्यांशिवाय पोळीला हात लावत नसे. मी पानाच्या कडेवर बोट ठेवून दुसऱ्या विचारण्याची वाट बघत बसले.

तुम्ही पुढच्या पानाकडे गेलात.

सासूबाई म्हणाल्या, “खात नाई का तू? बरं हाय, बरं हाय.” आणि संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं. शिकलेली सून, इंग्रजी बोलते, पण मासोळीला शिवत नाही. मी रांधायचे, तुम्ही सगळे खायचात. मीठ मी वासावरून ओळखायला शिकले. वरण-भात कालवताना शेजारच्या पानातलं झिंग्याचं डोकं कुरकुरल्याचा आवाज कानात यायचा. पन्नास वर्षं. सोवळ्याचं कोसा रेशीम विकणारे तुम्ही. कोशातला किडा उकळून काढलेल्या धाग्याला शुद्ध म्हणायचं, हे तुम्हाला जमत होतं. बायकोचंही तसंच केलंत. गिऱ्हाइकांना सांगायचात, “आमच्या घरचं मानूस इतकं शुद्ध हाय, तं कापड कसं राहीन?”

तर ती संध्याकाळ. तुम्हीच विणकराकडून खास करवून घेतलेली कोशाची साडी मी नेसले होते. फिकट लाकडाचा लांब ओटा, त्याच्या अलीकडे आपण आठ माणसं, सहा आपली आणि दोन परकी, आणि पलीकडे पांढऱ्या केसांचा जपानी आचारी. यादी नाही, निवड नाही. तो हाताने भाताची मूठ वळतो, वर माशाचा काप ठेवतो आणि समोर मांडतो, आपण खायचं. आधी फक्त एवढंच विचारतो की काय खात नाही. ओट्याच्या टोकाला तुम्ही होतात, मग मी.

त्याने तुम्हाला विचारलं. “आय ईट ऑल,” तुम्ही म्हणालात. मुलं हसली. तो माझ्याकडे वळला. मी गरम रुमाल घडी करून खाली ठेवला, पाठ सरळ केली, श्वास घेतला. ‘आय’ एवढं माझ्या तोंडातून बाहेर आलेलं आहे. इरा माझ्या उजव्या हाताला होती, तिने ऐकलं असेल.

“माय वाइफ,” तुम्ही म्हणालात, “प्युअर व्हेजिटेरियन!” आणि पंजा वर केलात. “फिफ्टी इयर्स!”

त्या म्हाताऱ्याने सुरी बाजूला ठेवली, हात पोटाशी धरले आणि मला कमरेतून वाकून नमस्कार केला. शिरीष म्हणाला, “आई, यू आर अमेझिंग.” सुनेने, मेघाने, माझ्या पाठीवर हात ठेवला. शेजारच्या परक्या जोडप्यानेसुद्धा माना लववल्या. आता सांगा, त्यानंतर कोणी ‘आय ईट एव्हरीथिंग’ म्हणेल काय?

मला काकडी मिळाली. मग वांग्याचा काप. मग मुळ्याचं लोणचं, अळंबी, परत काकडी. सगळं सुरेख होतं, त्याचा हात सुरेख होता, हे नाकारत नाही. तुमच्यासमोर गुलाबी मासे, पांढरे मासे, माशांची चकचकीत लाल अंडी येत होती. पहिलाच घास दाबून पाहत तुम्ही म्हणालात, “भात गिचका झाला बाप्पा. याले आपला चिन्नोर तांदूळ पाठवून देऊ काय?” निहार इतका हसला की पाणी नाकातून आलं. मीही हसले. तेव्हाच तो फोटो निघाला.

आणि मग झिंगा आला. कच्चा, काचेसारखा, भातावर निजवलेला. त्याचं डोकं वेगळं तळून बाजूला. तुम्ही डोकं आधी तोंडात टाकलंत. तो आवाज मी झोपेतही ओळखेन. मग माझ्याकडे झुकून, मुलांना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणालात, “करडीच्या झिंग्यायची सर नाई याले. तुले तं माहीत हाय.”

तुले तं माहीत हाय.

लग्नाच्या तिसऱ्या वर्षी करडीला, माहेरच्या स्वयंपाकघरात, मी चुलीमागे उकिडवी बसून कढईतले झिंगे बोटांनी खात होते. तुम्ही पाणी प्यायला आत आलात. माझ्या ओठातून झिंग्याची मिशी बाहेर आलेली. तुम्ही माठातून पाणी घेतलंत, प्यायलात, तांब्या पालथा घातलात आणि निघून गेलात. संध्याकाळी घरी परतल्यावर सासूबाईंना सांगितलंत, “ही तं माहेरीही मासोळीले शिवली नाई.” मला वाटलं, किती मोठ्या मनाचा माणूस. पाहिलं आणि झाकलं. या एका गोष्टीसाठी मी तुम्हाला सत्तेचाळीस वर्षं मनात नमस्कार केला. त्या ओट्यावर तो नमस्कार मी परत घेतला. तुम्ही झाकलं नव्हतं. तुम्हाला माहीत होतं, आणि समोर बसवून मला काकडी खाऊ घालताना तुम्हाला गंमत वाटत होती.

मुलांचं विमान गेलं, आपण रेल्वेने परत निघालो. बडनेरा गेल्यावर मी विचारलं.

“तुम्हाला माहीत होतं ना?”

“काय?”

“करडी. चुलीमागे.”

तुम्ही संत्रं सोलत होतात. “तूच तं नाई म्हनली होती.”

“नवी नवरी होते. नाहीच म्हणणार. तुम्ही दुसऱ्यांदा कुठे विचारलंत?”

“मंग पन्नास वर्षं दुसऱ्यांदाची वाट पाहून राहिली होती काय?”

“हो.”

तुम्ही हसलात. मी हसत नाही हे पाहून थांबलात. “आईनं गावभर सांगून टाकलं. मंग मी काय गावाले खोटं पाडू? अन् त्याच्यानं मानच भेटला ना तुले?” संत्र्याच्या दोन फोडी माझ्या हातावर ठेवल्यात. “पोरायसमोर तं इज्जत आनखी वाढवली तुही.” आणि पेपर उघडलात.

मान मिळाला. खोटं लिहिणार नाही. गावातली बाहेर नोकरीला जाणारी पहिली सून होते मी. लोकांच्या तोंडात बरंच काही यायचं, पण ‘बाई मासोळीला शिवत नाही’ इथे येऊन त्यांची तोंडं मिटायची. ते कवच मी वापरलं. आणि नोकरी तुमच्यामुळे मिळाली, हेही मुलांना कळू दे. शाळेत जागा निघाल्याचं तुम्हीच सांगत आलात. “करतेस काय?” मी नको म्हटलं. दुसऱ्या दिवशी विचारलंत. मी मान खाली घातली. तिसऱ्या दिवशी अर्ज घेऊनच आलात, सासूबाईंशी चार दिवस अबोला धरलात, आणि पहिल्या दिवशी स्कूटरवरून शाळेच्या फाटकापर्यंत सोडलंत. तुमच्यासारखा नवरा त्या काळी पंचक्रोशीत नव्हता.

पण म्हणूनच तुम्हाला सोडत नाही. तुम्हाला तीनदा विचारता येत होतं. नोकरीसाठी विचारलंत. रश्श्यासाठी नाही.

त्या प्रवासानंतर तुम्ही आठ महिने होतात. मी चार वेळा तो विषय काढला, चार वेळा पेपर उघडला गेला. मग पेपर धरण्याइतकीही ताकद राहिली नाही, आणि मग विषय काढणं बरं दिसेना.

आता ते लिहिते, जे घरात कोणालाच माहीत नाही. शेवटच्या आठवड्यात तुमचं जेवण तुटलं होतं. एका दुपारी कमलताईंजवळ तुम्ही झिंग्याच्या रश्श्याचं नाव काढलंत. मी केला. पातळ, चिंचेचा कोळ घालून, तिखट अगदी कमी. वाटी घेऊन तुमच्या उशाशी बसले, चमचा भरला.

“घेता?”

“नको,” तुम्ही म्हणालात.

पहिल्या नकोचा अर्थ या घरात माझ्याइतका कोणाला कळतो? तुमची नजर वाटीवर होती. चमचा माझ्या हातात होता. मी उठले, रस्सा पातेल्यात परत ओतला, वाटी विसळली आणि पालथी घातली. तुम्ही करडीला तांब्या पालथा घातला होतात तशी. मागे वळून पाहिलं तर तुम्ही माझ्याकडेच बघत होतात. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

मुलांनी हे वाचावं की नाही, यावर मी दोन दिवस घालवले. वाचावं. त्या दुपारी मला वाटलं होतं की फिटलं. अजूनही कधी कधी वाटतं. भांडी घासताना ती वाटी हाताला लागली की वाटत नाही. पण क्षमा मागायला मी हे लिहीत नाही. तुम्ही मागितली असती तर मीही मागितली असती. तशीच, तुमच्यानंतर.

आज सकाळी मी कौसल्याबाईंना बोलावणं पाठवलं. मुलांनो, या आपल्या मासोळीवाल्या. चाळीस वर्षं याच दारात पाटी उतरवतात. अहो, तुम्ही गेल्यापासून त्या आपल्या गल्लीत आल्या नव्हत्या. आल्या, पाटी खाली ठेवली, तुमच्या फोटोला हात जोडले.

“बाई, सायेब तं गेले. आता घेता कोणासाठी?”

मी झिंगे उचलून पाहत होते. डोकं आणि धड जिथे जुळतं तिथे अंगठ्याने दाबून पाहायचं. घट्ट असलं तर आजचं. “माझ्यासाठी,” मी म्हटलं.

मला वाटलं, बाई हात कपाळाला लावतील. त्यांनी पान-तंबाखूची चंची काढली.

“मले मालूम होतं.”

“काय मालूम होतं?”

“तुमचे बोटं व बाई. चाळीस सालं झाले पाहून राहिली. न खानाऱ्याचे बोटं असे नसतेत. न खानारी बाई दुरूनच म्हनते, दे दोन वाटे. तुमी एकेकाले तोलून घेता.” त्यांनी वर मूठभर जास्तीचे टाकले. “म्या आपल्या सुनेलेही सांगतलं होतं, ही बाई जवा खाईन, तवा पोटभर खाईन.”

“मग मला कधी विचारलं का नाहीत?”

“आमी कायले विचारनार? विचारनारं मानूस घरात होतं ना तुमच्या.”

इरा, तुला एवढंच. मी मासोळी सोडलेली नव्हती. माझ्या पानात ती वाढली गेली नाही आणि मी गप्प बसले. माझ्या नावाने तू काही सोडू नकोस. आजोबांसाठी काही करायचंच असेल, तर त्या जपानी म्हाताऱ्याकडे जा, माझ्या खुर्चीवर बस आणि त्याला माझं वाक्य सांग.

दुपारी मी चिन्नोरचा भात लावला. अर्धे झिंगे रश्श्यात घातले, अर्धे डोक्यांसकट तळले. बैठकीत दोन ताटं मांडली. एक माझं, एक फोटोखाली तुमचं. मी तुमच्या ताटात सगळं नीट वाढलं, पाण्याचा तांब्या भरून ठेवला, समोर बसले. फोटोत तुम्ही काड्या हातात धरून हसत आहात. चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका आहे. शिरीषने नवीन फ्रेम करताना मला कापून टाकलं, पण माझी काकडी राहून गेली.

“घेता?” मी विचारलं.

तुम्ही काही बोलला नाहीत. नको म्हणण्याची हीही एक रीत आहे, आणि मला ती कळते. पानाच्या कडेवर बोट ठेवून नवी नवरी जेवढा वेळ वाट बघते, तेवढा वेळ मी थांबले. दुसऱ्यांदा विचारलं नाही.

माझं ताट संपवलं. मग तुमचं ताट पुढे ओढलं आणि तेही संपवलं. डोक्यांसकट. मिशांसकट.